हरित शहराचं ओझं कोणाच्या डोक्यावर?

अहिल्यानगरच्या नळाला येणारं पाणी चढ चढून येतं. राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणाची पूर्ण भरल्यावरची पातळी १८१२ फूट, म्हणजे साधारण ५५२ मीटर. शहर वसलंय सुमारे ६५० मीटर उंचीवर. मधला शंभर मीटरचा चढ पाणी आपण होऊन चढत नाही. मुळानगर आणि विळद इथले पंप ते वर ढकलतात, मग वसंत टेकडीच्या टाक्यांमधून ते शहरात उतरतं. पंपाची वीज गेली की शहराच्या पाण्याच्या वेळा कोलमडतात. ज्या बंगल्यात जमिनीखाली एक टाकी, गच्चीवर दुसरी आणि मधे मोटार आहे, तिथे हे कोणाला कळतही नाही. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडे साठवण म्हणजे एक पिंप आणि चार हंडे. तिथली बाई त्या दिवशी कामावर खाडा करते.

बिघाड एकच होता. त्याची किंमत मात्र दोन घरांनी वेगवेगळी मोजली. शहरं शाश्वत करण्याच्या धोरणांची चर्चा होते तेव्हा सौर पॅनेल, झाडं, जलवाहिन्या, विजेच्या बस आणि कचऱ्यापासून खत यांच्याबद्दल बरंच बोललं जातं. ही किंमत कोण मोजतं, याबद्दल फारसं बोललं जात नाही.

शाश्वत विकास ही कल्पना जगभर रुजली ती १९८७ साली. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालात आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर घाला घालू नये, असा विचार मांडला. पुढे या विचाराचे तीन पाय सांगितले जाऊ लागले: पर्यावरण, अर्थकारण आणि समाज. पहिले दोन मोजता येतात. हवेतले कण मोजता येतात, खर्च-उत्पन्न मांडता येतं. तिसरा पाय मोजायला अवघड, म्हणून तो अहवालाच्या शेवटच्या पानांत जातो. खरं तर त्याचे प्रश्न अगदी साधे आहेत. फायदा कोणाला झाला? भार कोणावर पडला? आणि ठरवताना बैठकीत कोण होतं?

हे प्रश्न टाळले की काय होतं, ते फ्रान्सने २०१८ मध्ये पाहिलं. प्रदूषण कमी व्हावं म्हणून सरकार इंधनावरचा कर वाढवत होतं. हेतूत खोट काढण्याजोगं काही नव्हतं. पण पॅरिसमध्ये राहणाऱ्याच्या दाराशी मेट्रो होती. लहान गावांतून रोज कामाला जाणाऱ्याला गाडीवाचून पर्याय नव्हता. नोव्हेंबरात पिवळी जाकिटं घातलेली माणसं चौकाचौकांत उतरली आणि डिसेंबरात सरकारला करवाढ मागे घ्यावी लागली. न्यायाचा विचार न केलेलं हरित धोरण अन्यायकारक तर ठरतंच, शिवाय ते टिकतही नाही.

नहरींचं शहर

नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, या प्रश्नाचा इतिहास पाचशे वर्षांचा आहे. १४९० साली मलिक अहमद निजामशहाने सीना नदीकाठी या शहराचा पाया घातला. जागा पर्जन्यछायेतली, नदी हंगामी. म्हणून निजामशाहीत भोवतालच्या डोंगरउतारांवरून शहरात पाणी आणलं गेलं. कापूरवाडी, शहापूर, वडगाव अशा ठिकाणांहून जमिनीखालून खापरी नळ आणि दगडी पाट टाकले. या पाण्याला ना पंप लागत होता ना इंधन. उतार आणि गुरुत्वाकर्षण यांवर सगळी व्यवस्था चालायची. फराहबागेचा महाल तळ्याच्या मधोमध उभा राहिला तो याच कौशल्याच्या जोरावर. आजच्या भाषेत सांगायचं तर ही शून्य कार्बनची पाणीयोजना होती.

पण तंत्र स्वच्छ असलं म्हणजे वाटप स्वच्छ असतं असं नाही. या नहरींनी बागा, महाल आणि पेठांतले हौद भरले. हौदापासून घरापर्यंत ते पाणी पखालवाल्यांच्या पाठीवरून आणि बायकांच्या डोक्यावरून गेलं. आणि आपल्याकडच्या पाणवठ्यांवर कोणाच्या घागरीला मज्जाव आहे, हे शेकडो वर्षं जातीने ठरवलं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण कोकणातलं आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या कराव्यात, असा ठराव मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. प्रत्यक्षात ओंजळभर पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावं लागलं. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला, वाद कोर्टात गेला आणि निकाल यायला १९३७ उजाडलं. तळं होतं, पाणी होतं, नगरपालिकेचं धोरणही होतं. ते धोरण अंमलात आणण्याचं बळ ज्यांच्यासाठी ते होतं त्यांना स्वतः उभं करावं लागलं. शहरी धोरणाची सामाजिक बाजू म्हणजे काय, हे महाडच्या त्या दहा वर्षांतून जितकं कळतं तितकं क्वचित कुठून कळेल.

पाणी कमी आहे की वाटप लंगडं आहे?

नगर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेतीन लाखांच्या घरात होती. शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष आहे. गुणाकार केला तर रोजची गरज सुमारे ४ कोटी ७० लाख लिटर होते. वर्षाची बेरीज साधारण ०.६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफुटांच्या मापात एकाच्याही आत. मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी आहे. आज वाढलेली लोकसंख्या आणि वाटेतली गळती धरून हा आकडा दुप्पट केला, तरी धरणाच्या साठ्यापुढे तो लहानच राहतो. म्हणजे नगरकरांचा नळ कोरडा पडतो तेव्हा त्याचं मुख्य कारण धरणात पाणी नसणं हे नसतं. वाहिन्या, पंप, गळती, टाक्या, आणि टाकीपासून घर किती उंचावर व किती लांब आहे, यावर ते ठरतं. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब कमी पडतो. शहराच्या वाढत्या कडेला, जिथे जागा स्वस्त म्हणून कामगार वस्ती करतो, तिथेच हे शेवटचं टोक असतं.

धरणाकडून पाहिलं तर आणखी एक बाजू दिसते. मुळा धरण बांधलं ते मुख्यतः शेतीसाठी. राहुरी, नेवासे या तालुक्यांच्या आवर्तनांचं गणित त्यावर चालतं. शिवाय राज्याच्या २००५ च्या जलनियमन कायद्यानुसार समन्यायी वाटपाचा मुद्दा आला की मुळा आणि प्रवरा खोऱ्यांतून खाली जायकवाडीला पाणी सोडावं लागतं, आणि त्या वर्षी नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा सामना रंगतो. राज्याच्या धोरणात पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे आणि तो योग्यच आहे. पण त्या अग्रक्रमाआड शहराने गळतीकडे डोळेझाक केली, तर वाया गेलेला प्रत्येक लिटर कोणाच्या तरी शेतातून आलेला असतो. शहर किती हरित आहे, याचं उत्तर शहराच्या हद्दीत संपत नाही.

मग उपाय काय? मीटर बसवा, असं तज्ज्ञ सांगतात. राज्यातल्या अनेक लहान-मध्यम शहरांत पाणीपट्टी नळाच्या आकारावर ठरते. अर्धा इंची जोडणीला वर्षाला ठरावीक रक्कम. मग तुम्ही गाडी धुवा, हिरवळीवर कारंजी लावा किंवा दोन हंडे भरा. ही पद्धत जास्त वापरणाऱ्याला सवलत देते, हे उघड आहे. म्हणून जितका वापर जास्त तितका लिटरमागे दर चढा, ही टप्प्यांची पद्धत न्याय्य वाटते.

इथेच गाठ आहे. एका वाड्यात पाच बिऱ्हाडं मिळून एक नळ वापरत असतील, तर मीटरला ती पाच कुटुंबं दिसत नाहीत. त्याला एक मोठा ग्राहक दिसतो. प्रत्येकी काटकसरीने पाणी वापरूनही त्यांची बेरीज वरच्या टप्प्यात जाते आणि बंगल्यातल्या तिघांपेक्षा त्यांना लिटरमागे जास्त पैसे पडतात. दक्षिण आफ्रिकेत असंच काहीसं घडलं. तिथल्या सरकारने २००१ मध्ये प्रत्येक घराला महिन्याला ६००० लिटर पाणी मोफत देण्याचं धोरण आणलं, जगभर त्याचं कौतुक झालं. मग जोहान्सबर्गने सोवेटोतल्या फिरी वस्तीत आधी पैसे भरायला लावणारे मीटर बसवले. ६००० लिटर संपले की नळ बंद. एकाच आवारात मागच्या खोल्यांतून भाडेकरू आणि नातेवाईक राहत असल्याने ते पाणी महिना संपायच्या आत संपायचं. वस्तीतल्या लोकांनी खटला लढवला. २००९ मध्ये घटना न्यायालयाने निकाल महापालिकेच्या बाजूने दिला. खटल्याच्या काळात महापालिकेला आपल्या सवलती वाढवाव्या लागल्या, ही त्यांची अर्धी जीत. यावरून मीटर वाईट ठरत नाहीत. मोजायचं ते माणशी मोजावं, नळामागे नव्हे. आणि मीटर लावण्याआधी एका नळावर किती चुली आहेत ते दारोदार जाऊन पाहावं, एवढंच यातून निघतं.

कचऱ्याची वाट

पाणी शहरात येतं, कचरा शहरातून जातो. जातो म्हणजे कुणाच्या तरी शेजारी जातो. नगरचा कचरा वर्षानुवर्षं सावेडी आणि बुरूडगावच्या डेपोंमध्ये गेला. दुर्गंधी, माश्या, उन्हाळ्यात पेटणारे ढीग आणि पावसाळ्यात झिरपणारं काळं पाणी यांच्या शेजारी राहणाऱ्यांचा विरोध ही नगरच्या महापालिकेच्या राजकारणातली जुनीच गोष्ट. महाराष्ट्रात हे चित्र सगळीकडे आहे. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला, आजच्या संभाजीनगरचा, तेव्हाच्या औरंगाबादचा, नारेगावला. २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी गाड्या अडवल्या तेव्हा औरंगाबादच्या रस्त्यांवर कित्येक आठवडे ढीग साचले, आणि आपला कचरा आजवर कोणी सोसला हे शहराला तेव्हा कळलं.

घंटागाडी दारात आली, कचरा गेला, की शहर स्वच्छ झालं असं वाटतं. पण त्या साखळीत कोण काय कमावतो हे पाहिलं की धोरण कुठे वळलंय ते कळतं. बऱ्याच ठिकाणी वाहतुकीच्या ठेकेदाराला टनामागे पैसे मिळतात. जितकं वजन डेपोवर जाईल तितकं त्याचं बिल मोठं. म्हणजे ओला-सुका वेगळा करा, कमी कचरा पाठवा, असं पालिका नागरिकांना सांगते, आणि जास्त वजन पाठवणाऱ्याला जास्त पैसे देते. उलट कचरावेचक बाईची कमाई असते ती ढिगातून पुठ्ठा, प्लास्टिक, पत्रा बाहेर काढण्यात. तिने उचललेला प्रत्येक किलो डेपोवर जात नाही. पर्यावरणाच्या हिशेबात ती शहराला फायद्यात ठेवते, पालिकेच्या हिशेबात मात्र ती कुठेच नसते. तिच्या हातात ना हातमोजे असतात, ना तिच्या नावावर विमा.

पुण्यात हे बदललं ते तिला नाव मिळाल्यामुळे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून आलेल्या कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. सभासदांमध्ये बहुसंख्य दलित बायका. दुष्काळी भागांतून पुण्यात आलेली कुटुंबं त्यांत बरीच. पहिली मोठी मागणी पगाराची नव्हती, ओळखपत्राची होती. भल्या पहाटे पोतं घेऊन फिरणाऱ्या बाईला चोर समजून हटकलं जाई. नव्वदच्या दशकाच्या मध्यात पुणे महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं हाती आली आणि ती शहराची कामगार ठरली. पुढे २००८ मध्ये याच कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पालिकेने करार केला. सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात, घरटी शुल्क थेट त्यांना मिळतं, वेगळं काढलेलं भंगार विकून येणारे पैसेही त्यांचेच. ज्याने वेगळं करायचं त्याचाच त्यात फायदा, इतकी ती रचना सरळ आहे. असं असूनही कराराच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी मोठ्या ठेकेदाराचा पर्याय पुन्हा पुढे येतो, आणि या बायकांना आपली उपयुक्तता नव्याने सिद्ध करावी लागते.

देशाच्या घनकचरा नियमांनी २०१६ मध्ये कचरावेचकांना मान्यता देऊन त्यांना यंत्रणेत सामावून घ्या, असं स्थानिक संस्थांना बजावलं. नियमात शब्द आले, पण निविदेत आले का, हा खरा प्रश्न. शहरात कचऱ्याचा पुढचा ठेका निघेल तेव्हा त्याच्या अटींमध्ये कचरावेचकांचा उल्लेख शोधून पाहावा. तो नसेल तर स्वच्छतेची कोणतीही ढाल-चषक ही गोष्ट झाकू शकणार नाही.

ब्राझीलमधलं कुरितिबा शहर याच प्रश्नावर वेगळ्या वाटेने गेलं. काही झोपडवस्त्यांत गाड्या शिरू शकत नव्हत्या आणि कचरा नाल्यात पडत होता. १९९१ पासून शहराने देवाणघेवाण सुरू केली: चार किलो सुका कचरा आणा, एक किलो भाजीपाला न्या. भाजी आसपासच्या छोट्या शेतकऱ्यांचा जास्तीचा माल विकत घेऊन आणली जाई. नाले, पोटं आणि शेतकरी असे तिघांचे प्रश्न एका खर्चात हलके झाले. नगरसारख्या जिल्ह्यात, जिथे बाजारभाव पडला की टोमॅटो आणि कांदा रस्त्यावर ओतला जातो, ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही.

सारखा नियम, असमान ओझं

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला ५००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तुरुंगवासही. नियम सर्वांना सारखा. मॉलच्या मालकाला ५००० रुपये म्हणजे तासाभराचाही गल्ला नाही. पालेभाजीची जुडी विकणाऱ्या बाईची ती कित्येक आठवड्यांची कमाई. शिवाय पिशवी ती बनवत नव्हती, गिऱ्हाईक मागत होतं म्हणून देत होती. पर्यायी पिशव्या आधी स्वस्त आणि मुबलक झाल्या असत्या, बचत गटांना त्या शिवण्याची कामं बंदीच्या आधी मिळाली असती, दंड उलाढालीच्या प्रमाणात ठेवला असता, तर हीच बंदी जास्त चालली असती. आज पुन्हा भाजीबाजारात पातळ पिशव्या दिसतात, याचं एक कारण तिथे सापडतं.

रस्त्यांचंही तसंच. नगरमधून पुण्याकडे, संभाजीनगरकडे आणि सोलापूरकडे जाणारी वाहतूक सक्कर चौकात तुंबायची. २०२२ च्या नोव्हेंबरात उड्डाणपूल खुला झाला आणि गाड्यांची वाट मोकळी झाली. दुसरीकडे शहर बससेवा गेल्या दोन दशकांत बंद पडत आणि पुन्हा सुरू होत राहिली. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा कामगार, सावेडीत धुण्याभांड्याला जाणारी बाई, कॉलेजला जाणारी मुलगी यांना बस नसली तर सहा आसनी रिक्षा, नाहीतर पाय. सर्वांत कमी धूर करणारी हीच माणसं. त्यांच्या प्रवासावर खर्च करणं हे शहराचं सर्वांत स्वस्त हवामान धोरण ठरेल. पण पूल एकदा बांधून त्याचं उद्घाटन करता येतं आणि बस रोज तोटा सोसून चालवावी लागते. म्हणून अंदाजपत्रकात एकाला जागा मिळते, दुसरी ताटकळत राहते.

शहरापासून हाकेच्या अंतरावर

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचं नाव नगरकरांना सांगायला नको. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा तिथे वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस, उजाड डोंगर आणि गाव सोडून गेलेली कुटुंबं होती. त्यांनी समपातळी चर, बांध, झाडं ही कामं श्रमदान आणि आदर्श गाव योजनेतून केली. पण चर आणि बांध महाराष्ट्रात हजारो गावांत झाले आहेत. हिवरे बाजार वेगळं ठरलं ते ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांमुळे. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायचा, माणसांच्या आणि जनावरांच्या पाण्याची तरतूद आधी करायची, आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं.

यात ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने खोल बोअर मारून सगळ्यांचं पाणी उपसायचं, हा नेहमीचा मार्ग बंद झाला. बंधनाचा सर्वांत मोठा भार सर्वांत मोठ्या शेतकऱ्यावर पडला, म्हणून लहान शेतकऱ्याने ते मानलं. ताळेबंद ग्रामसभेत सगळ्यांदेखत मांडला गेला, म्हणून त्यावर विश्वास बसला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. महाराष्ट्र आणि आंध्रातल्या पाणलोट प्रकल्पांच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: डोंगरावर चराई बंद झाली की विहिरींना पाणी येतं, पण ते विहीर असलेल्यांना. मेंढपाळ धनगर, शेळ्या पाळणारी भूमिहीन बाई यांना त्या डोंगराचा चारा गमवावा लागतो, आणि त्यांच्या नावावर विहीरच नसते. ज्या गावांनी कापून नेण्याचा चारा, रोजगार किंवा दुधाच्या धंद्यात त्यांना वाटा दिला, तिथे बंधनं टिकली. बाकी ठिकाणी रात्रीची चराई सुरू राहिली. शहरातही नदीकाठ सुशोभित करायला झोपड्या उठवल्या, रस्ता रुंद करायला हातगाड्या हलवल्या, की हाच न्याय लागू होतो. सीना स्वच्छ व्हायलाच हवी. पण तिच्या काठावरून कोण उठणार, आणि सांडपाणी सोडणारा मात्र तसाच राहणार का, हे आराखड्यात लिहिलेलं असलं पाहिजे.

ठरवणाऱ्यांच्या बैठकीत कोण?

राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केलं. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पाच घटकांवर गावं आणि शहरं गुण मिळवतात. अभियानाने नगरपालिकांना बराच वेग दिला. पण त्यात लोकांची मुख्य जागा आकाश या घटकात, म्हणजे जनजागृतीत. माणूस हा जागं करण्याचा विषय ठरतो. वास्तविक पाण्याची वेळ, कचऱ्याची वाट आणि बसचा अभाव यांबद्दल सर्वांत जागी असलेली माणसं वस्त्यांतच असतात. त्यांना सांगण्यापेक्षा त्यांच्याकडून ऐकण्यासारखं जास्त आहे.

ऐकण्याच्या सोयी कायद्यात आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. नगर त्या मर्यादेत बसतं. महाराष्ट्राने २००९ मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली, ग्रामसभेची शहरी बहीणच ती. किती नगरसेवकांनी ती भरवली हे आपापल्या प्रभागात विचारून पाहावं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, आणि त्यातल्या एक तृतीयांश महिलांच्या. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेने १९८९ मध्ये सुरू केलेल्या पद्धतीचं ते सौम्य रूप. नगरमध्ये तर महापालिकेची मुदत २०२३ च्या डिसेंबरात संपल्यावर निवडणूक व्हायला २०२६ उजाडलं. मधली दोन वर्षं प्रशासकाची. त्या काळात प्रभागातल्या माणसाला आपलं म्हणणं मांडायला नगरसेवकही उरला नव्हता.

म्हणून मागणी मोठी नको, चार ओळींची पुरे. शहराचा कोणताही हरित ठराव, मग तो जलवाहिनीचा असो, डेपोचा, नदीकाठाचा किंवा बंदीचा, सभेपुढे येताना त्याच्याखाली चार गोष्टी लिहाव्यात. याचा लाभ कोणत्या वस्त्यांना होईल. भार कोणावर पडेल, आणि तो पैशात की वेळेत की उपजीविकेत. त्या माणसांना बदल्यात काय दिलं जाईल आणि कधी. आणि ठरवण्याआधी त्यांच्यापैकी कोणाशी, कोणत्या सभेत बोलणं झालं. हिवरे बाजारचा ताळेबंद फळ्यावर मावतो, तर महापालिकेच्या ठरावात चार ओळी मावायला अडचण नाही. याने राजकारण बदलेलच असं नाही. पण ओझं उचलणाऱ्याची नोंद कागदावर येईल. पुण्याच्या कचरावेचक बायकांनी सगळ्यात आधी ओळखपत्र मागितलं ते याच कारणाने: कागदावर नोंद असलेल्या माणसाला हटकणं अवघड जातं, आणि त्याने विचारलेला जाब टाळणं त्याहून अवघड.